थोरल्यांची सही

१९ फेब्रुवारी

जोडी नावाच्या आमच्या बाईंनी सगळ्यांना एकेक वही दिली. म्हणाली, जमेल तेव्हा लिहा, ही वही मी तपासणार नाही. सत्तावीस वर्षं मीच पोरांना असल्या वह्या वाटत आले. आज माझ्या हातात पडली तर काय लिहावं ते सुचेना. मग वर नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि खाली पट्टीने रेघ ओढली. पोरांना तसंच सांगते मी.

कोर्सचं नाव लांबलचक आहे. इथल्या मूळ लोकांच्या अभ्यासाची पायाभूत पदविका. वर्षभराची. ती पास झालं की विद्यापीठात शिक्षकाच्या पदवीला थेट प्रवेश, वेगळी परीक्षा नाही. माझी लेक सबीना हसून हसून बेजार झाली. "आई, आपल्याच लोकांचा अभ्यास! त्यात नापास झालीस तर तू कोण गं ठरशील?"

हसू दे तिला. मी शाळेत मदतनीस आहे. दर जानेवारीला वर्गावर नवी कोवळी बाई येते आणि कुठल्या पोराला फळा दिसत नाही, कुठलं उपाशी येतं, हे मला विचारून घेते. डिसेंबरात चॉकलेटचा डबा हातात ठेवून म्हणते, मिसिया, तू नसतीस तर माझं काही खरं नव्हतं. असे सव्वीस डबे झाले. आता सत्तावन्न पूर्ण होतील. मुख्याध्यापकांनी अर्ध्या दिवसाची सूट दिली आहे ती एवढ्या एका वर्षापुरती, पुढच्या वर्षी मागायला येऊ नका असं स्वच्छ सांगून. म्हणजे यंदा नाही तर नाहीच.

२१ फेब्रुवारी

आज फजिती झाली. हजेरी घेताना जोडीने एक नाव उच्चारलं आणि माझी मान आपोआप खाली गेली. ते थोरल्यांचं नाव. थोरले म्हणजे माझ्या गेलेल्या नवऱ्याचे, एनोसाचे, मोठे भाऊ. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, ते नाव माझ्या तोंडून कधी गेलेलं नाही आणि या वहीतही जाणार नाही. त्यांनीही माझं कधी घेतलेलं नाही. आमच्या बेटांवर सासरच्या माणसाचं नाव घेत नाहीत, आणि तेच नाव दुसऱ्या कुणाचं असलं तरी घेत नाहीत.

तर वर्गात त्याच नावाचा एक धिप्पाड गडी निघाला. आतल्या कोरड्या मुलखातला, वय बेचाळीस, पूर्वी खाणीत डंपर चालवायचा. त्यांच्या लोकांत रिवाज वेगळे. जोडीने नेमकी आमची जोडी लावली. एकमेकांची ओळख करून द्या! त्याने माझी छान करून दिली. माझी पाळी आल्यावर मी उभी राहिले आणि म्हणाले, "हे... हे खिडकीपाशी बसतात."

सगळा वर्ग हसला. तो नंतर चहाच्या वेळी आला. "मावशी, माझं नाव एवढं वाईट आहे का?"

सरळ सांगता आलं असतं, पण कानशिलं तापली होती. त्याच्या बनियनवर सातचा आकडा होता. मी म्हटलं, "मी तुला सात नंबर म्हणणार. चालत असेल तर बघ."

५ मार्च

सात नंबरला अखेर कारण सांगितलं. तो पाय आपटून हसला. "म्हणजे मी तुझा दीर झालो की!"

"तोंड सांभाळ."

आता दुरून चहा आणून ठेवतो, माझ्याकडे न बघता, मोठ्या अदबीने. वात्रट मेला.

२८ एप्रिल

शेवटचा प्रकल्प आत्ताच ठरवायचा आहे. निम्मे गुण त्यालाच. विषय, आपल्या घरातली एक गोष्ट. मला विचार करावा लागलाच नाही. माझी गोष्ट बिस्किटांच्या डब्यात आहे.

डबा काढून बसले होते आत्ता. पाच पत्रं. बाबा रेल्वेचे रूळ टाकायला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आमच्या माबुयाग बेटावर महिन्याला एक बोट यायची, पिठाची पोती आणि रॉकेल घेऊन. सगळी पोरं धक्क्यावर पळायची, साखरेच्या आशेने. मी पत्राच्या आशेने. वोंगायच्या झाडाखाली मास्तर पत्र फोडायचे आणि मोठ्याने वाचायचे, आणि आसपासच्या बायका हातातली चटई टाकून ऐकायच्या, कारण बाबांची पत्रं होतीच तशी. तांबडी माती दातांत येते, रात्री रूळ थंड होताना कण्हतात, इथे समुद्र नाही म्हणून मी तुझ्या अक्षरातच लाटा बघतो. त्या झाडाची सावली, पिकल्या फळांचा वास, आईचा ओला हात माझ्या मानेवर, सगळं त्या कागदांत राहिलं आहे. परत तिथे जाऊन बसावं असं इतकं वाटलं आज, की छातीत दुखलं.

पाचव्या पत्रात एक ओळ आहे. "तू एक दिवस वर्गाच्या पुढे उभी राहशील." मास्तरांनी ती दोनदा वाचली होती. त्यानंतर बाबा गेले, तिकडेच, तापाने. पत्र पाचवंच शेवटचं.

माझ्या प्रकल्पाचं नाव "माझे वडील लिहायला कसे शिकले." कारण घरून निघाले तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हतं. बाराव्या वर्षापासून मोत्यांच्या बोटीवर बुड्या मारत होते, दुकानाच्या चोपडीत फुली करायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि वर्षाच्या आत अशी पत्रं! तिथल्या तंबूत स्वतःचं स्वतः शिकले. अक्षरही कुणी शिकवलेलं वाटत नाही. इंग्रजी वाय काढताना शेपटी अशी मुरडायचे की मासे धरायचा गळच.

जोडीला विषय फार आवडला. मात्र तीन गोष्टी हव्यात म्हणाली. त्या काळच्या एका जिवंत माणसाची रेकॉर्ड केलेली मुलाखत, मुलाखतीच्या सुरुवातीला त्या माणसाचं नाव मोठ्याने, आणि संमतीच्या कागदावर त्याची सही.

त्या तंबूंतला एकच माणूस आज जिवंत आहे. कोण, ते सांगायला नको.

१३ मे

थोरल्यांकडे जाऊन आले. दोन गल्ल्या पलीकडे तर राहतात. ते ओट्यावर आंब्याकडे तोंड करून बसले, मी पायऱ्यांकडे तोंड करून, आणि मध्ये सबीना. बहात्तर वर्षांचे झाले तरी आवाज खणखणीत आहे. चाळीस वर्षं चर्चमध्ये बायबल वाचतात. मला काही सांगायचं तर सबीनाला सांगतात.

"सबीनाच्या आईला सांग, तिकडे बावीस जण होतो आम्ही बेटांवरचे. उन्हात हातोडा धरवायचा नाही, एवढा तापायचा."

"बाबा रात्री अभ्यास करायचे का, विचार गं."

थोरल्यांनी पाणी मागितलं. मग म्हणाले, "सबीनाचे आजोबा रात्री घोरायचे."

मी पाचव्या पत्रातली ओळ वाचून दाखवायला घेतली. "तू एक दिवस" एवढं म्हटलं, तर थोरल्यांनी पुढची ओळ आंब्याकडे बघत पुरी केली. शब्द न् शब्द. मग माझ्या पाळलेल्या कोंबडीचीही चौकशी केली, त्या लंगड्या कोंबडीची! ती मी बाबांना पत्रात कळवली होती. बाबा माझी पत्रं सगळ्यांना वाचून दाखवत असणार. किती कौतुक होतं त्यांना माझं. मला भरून आलं.

सहीच्या वेळी मात्र हट्टाला पेटले. "हात कापतो," म्हणाले आणि शाई मागवून अंगठा उठवला. बाजूला नीट विणत घेतलेलं जाळं पडलं होतं, एवढ्या बारीक गाठींचं! मला राग आला. बायबल वाचणारा माणूस अंगठा उठवतो? विद्यापीठाच्या कागदावर विश्वास नसेल, दुसरं काय.

२० जून

कच्चा प्रकल्प परत आला. मुलाखतीच्या सुरुवातीला नाव नाही, जिथे नाव हवं तिथे मी नुसती थांबले आहे, सात सेकंद. सहीच्या जागी अंगठा, पण हा माणूस चर्चमध्ये वाचतो असं मीच पुढे लिहिलंय. जोडीने खाली लिहिलं, "मिसिया, हे काय आहे? असं पुढे पाठवता येणार नाही."

सात नंबर म्हणाला, "मावशी, तिला सांग की. ती आमच्यातलीच आहे, समजेल तिला."

"मी नाही सांगणार. आपल्या लोकांचा अभ्यास शिकवते ना? मग तिनेच ओळखावं."

"आमच्यात असं नसतंच, मग ओळखणार कशी ती? तुमची बेटं तिने नकाशात पाहिली असतील."

बरोबर होतं त्याचं. पण माझी मान ताठ. घरी येऊन भांडी आपटली.

६ जुलै

सांगितलं शेवटी. जोडीने हात कपाळावर मारून घेतला. "अगं, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस? नाव दुसऱ्या कुणीही घेतलं तरी चालेल. फक्त सही खरी हवी. लिहिता येणाऱ्या माणसाचा अंगठा समितीला पटणार नाही."

म्हणजे नावाचं सुटलं, सहीचं राहिलं. ऑक्टोबरच्या बारा तारखेपर्यंत.

१९ ऑगस्ट

थोरल्यांकडे पुन्हा गेले. ते सबीनाला म्हणाले, "तुझ्या आईला म्हणावं, दुसरा विषय घे. चटया विणायचा घे." चटया! मी तडक उठले. सबीना म्हणते, आजोबांचं नाव काढलं की काका पाणी मागतात, लक्षात आलंय का तुझ्या? मी म्हटलं, वय झालंय त्यांचं, घसा कोरडा पडतो.

१५ सप्टेंबर, शनिवार

आज एनोसाच्या थडग्यावरचा झाकलेला दगड उघडला. तीन वर्षं तयारी चालली होती. सगळं काम माझ्या भावांनी केलं, मेव्हण्यांचंच काम ते. भट्टीच्या खड्ड्यात पहाटेपासून डुक्कर आणि रताळी, नारळाच्या दुधातली कंदमुळं, डोंगराएवढा भात. बायका नव्या फुलाफुलांच्या झग्यांत. दगडावरची कापडं एकेक सुटत गेली आणि शेवटी त्याचं नाव उन्हात आलं, सोनेरी अक्षरांत. मी त्या अक्षरांवर हात ठेवला. रडले, पण जड वाटलं नाही. आमच्यात आज दुःख संपतं. आज माणूस खरा जातो आणि मागच्यांना मोकळं करतो.

पण मला लिहायचंय ते दुसरंच. एनोसाचा जीवनवृत्तांत थोरल्यांनी लिहिला होता. वाचायचा होता त्यांनीच, पण दगडावरचं नाव पाहून त्यांना वाचवेना, म्हणून कागद सबीनाच्या हातात दिला. ती वाचत होती, मी तिच्या खांद्याशी उभी होते. कागदावर ओळीने गळ लटकत होते. प्रत्येक वायच्या शेपटीला एक.

नंतर नाच झाले, माझ्या ताटात काय वाढलं होतं ते मला आठवत नाही.

१७ सप्टेंबर

सबीनाला न घेता गेले. असं कधी गेले नव्हते. थोरले आंब्याकडे तोंड करून, मी पायऱ्यांकडे. मध्ये रिकामी खुर्ची.

मी पायऱ्यांना म्हटलं, "पत्रं तुम्ही लिहिलीत."

थोरले आंब्याला म्हणाले, "हात माझा होता."

"आणि शब्द?"

"बावीस जणांत लिहिता येणारे आम्ही दोघं. दुसऱ्याचं अक्षर त्याचं त्याला लागायचं नाही. रविवारी माझ्यापुढे रांग. सबीनाचे आजोबा सांगायचे, पोरीला विचार नीट जेवते का. मी त्याची चार वाक्यं करायचो. चोवीस वर्षांचा होतो, शब्दांची भारी हौस."

म्हणजे लाटा यांच्या. कण्हणारे रूळ यांचे. मास्तरांच्या आवाजात ज्या बाबांवर मी जीव टाकला, ते निम्मे हे. मला पुढचं विचारायची भीती वाटली. ती ओळही यांचीच असली तर? तर अठ्ठेचाळीस वर्षं मी एका तरुण पोराच्या शब्दांच्या हौसेमागे धावले. तरी विचारलं. "वर्गाच्या पुढे उभी राहशील. ते कुणाचं?"

थोरल्यांनी पाणी घेतलं.

"ते मी लिहायला तयार नव्हतो. म्हटलं, काका, बेटावरची पोर ती. आपली माणसं शाळेत झाडू मारतात. भलती आशा कशाला लावता, मोडून पडेल. ते कधी चिडायचे नाहीत, त्या दिवशी चिडले. म्हणाले, पेन्सिल तुझी आहे, पोरगी माझी आहे. लिही."

मी तोंडावर पदरासारखा झग्याचा कोपरा धरला. बाबांचं होतं. तेवढंच त्यांचं होतं, आणि तेच होतं.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"आधी तुम्ही लहान. मग एनोसाची बायको होऊन आलात, त्यानंतर तोंड कसं उघडायचं? आणि खरं सांगू? सत्तावीस वर्षं तुम्ही मदतनीसच राहिलात. मला मनात वाटायचं, बघा काका, माझंच खरं झालं. त्याची लाज वाटते. सही केली असती तर अक्षर ओळखलं असतं तुम्ही, आणि हे सगळंच सांगावं लागलं असतं." मग म्हणाले, "तुमच्या पुस्तकात त्यांनीच लिहिलं असं राहू दे. कुणाचं काय जातं?"

"माझं जातं," मी म्हटलं. आवाज चढला होता. थोरल्यांपुढे पहिल्यांदा चढला.

२९ सप्टेंबर

प्रकल्प पहिल्या पानापासून पुन्हा लिहितेय. "माझे वडील लिहायला शिकले नाहीत." हे वाक्य लिहायला चार दिवस लागले. जोडी म्हणाली, आधीपेक्षा चांगलं होतंय, पण सहीशिवाय मी काही करू शकत नाही. थोरल्यांकडून निरोप नाही. कागद त्यांच्याकडे पाठवला त्याला दहा दिवस झाले. मी चढ्या आवाजात बोलले, तेच बाधलं बहुतेक. यंदाचं वर्ष गेलं तर गेलं, पण खोटं लिहिणार नाही, असं स्वतःला सांगते आणि मग भाकरीचं पीठ मळताना रडू येतं.

१२ ऑक्टोबर

सकाळी सबीना बंद पाकीट घेऊन आली. "काकांनी दिलंय. म्हणाले, आईने उघडायचं नाही, बाईंना द्यायचं."

मी उघडलं नाही. सासरच्या मोठ्या माणसाने नको म्हटलं की नको.

मुलाखतीच्या सुरुवातीला नाव घालायचं राहिलं होतं. सात नंबरने फोन माझ्या हातातून घेतला, तोंडापाशी धरला आणि छाती फुगवून नाव घेतलं. मी कानांवर हात ठेवले. "माझंच नाव घेतलं मी, मावशी," तो म्हणाला. "माझं नाव घ्यायला मला कोण अडवणार?" पाकीट जोडीच्या टेबलावर ठेवून आले. दुपारी शाळेत एका पोराला बेरीज समजावताना माझंच चुकलं.

३० नोव्हेंबर

पास झाले. विद्यापीठाचं पत्रही आलं, फेब्रुवारीपासून शिक्षकाची पदवी. सात नंबरही पास, त्याने मला उचलायला हात पुढे केले आणि आठवण होऊन मागे घेतले. म्हणाला, दीर आहे ना मी. मी त्याच्या दंडावर चापट मारली.

जोडीने माझी फाइल परत दिली. संमतीचा कागद वर काढून म्हणाली, "झेरॉक्स आम्ही ठेवली. हा मूळ तुझ्याकडे असायला हवा असं मला वाटलं."

बसमध्ये पाहिला. खरी सही, ठसठशीत, हात जराही कापलेला नाही. सहीखाली दोन ओळींची जागा असते, आणखी काही सांगायचं असल्यास. बहुतेक लोक ती रिकामी सोडतात.

थोरल्यांनी तिथे लिहिलं होतं, "तू एक दिवस वर्गाच्या पुढे उभी राहशील." वायच्या शेपटीला गळ. या वेळी त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

घरी आले, डबा काढला आणि कागद त्यात ठेवला. आता पत्रं सहा झाली.